रोज पाणी देऊनही झाड वाळतंय? सोलापूरच्या उन्हाळ्यात झाडाला पाणी देण्याचा क्रम

मार्च सरला की विचारणा सुरू होते. जुळे सोलापुरात बंगल्यामागे आंबा लावलेल्या ताई असोत, नाहीतर सांगोल्याकडचे डाळिंबवाले अण्णा, तक्रार एकच: "रोज बादलीभर पाणी घालतोय, तरी झाडानं मान टाकलीय." मी विचारतो, बादली कुठं ओतता? उत्तर ठरलेलं असतं. "बुडातच की!"

एकदा अशाच एका आंब्याखाली पहार मारली. वरची चार बोटं माती ओली होती. त्याखाली पहार अशी वाजली, जणू फरशीवर आपटली. हातानं माती बाजूला केली, तर त्या चार बोटांच्या ओलीत पांढऱ्या बारीक मुळांची जाळी झाली होती, आणि तिची टोकं तपकिरी पडली होती. रोजच्या बादलीमुळं मुळं पाण्याच्या आशेनं वर आलेली, आणि दुपारी तोच थर तापल्यावर भाजून निघालेली. आंबा आठ वर्षांचा. पाणी रोज मिळत होतं, तरी तो तहानलेला होता.

हा लेख परसातल्या, बांधावरच्या आणि एक-दोन एकर बागेतल्या झाडांसाठी आहे: आंबा, लिंबू, चिकू, डाळिंब, सीताफळ आणि पावसाळ्यात लावलेली नवी रोपं. टप्पे दिलेत त्याच क्रमानं करा. बहुतेक जण पाणी ओतायला आधी धावतात आणि माती बघायची राहूनच जाते.

सुरुवात कधी करायची, काय जमवायचं

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली की तयारीला लागा. एप्रिलमध्ये जागं होणाऱ्याला निम्मे टप्पे उपयोगाचे राहत नाहीत, कारण तोवर काळी माती भेगाळलेली असते आणि झाड उभारी धरण्याच्या पलीकडं जाऊ लागतं.

सामान साधं आहे. साडेतीन फुटांची पहार किंवा लोखंडी सळई, खुरपं, कुदळ, मोजपट्टी, १५ लिटरची बादली, १ लिटरची बाटली आणि एक वही. वही टाळू नका. कोणत्या झाडाला किती पाणी दिलं आणि ओल किती खोल गेली, हे डोक्यात राहत नाही.

टप्पा १: झाड पहाटे बघा

दुपारी दोन वाजता झाडाकडं बघून पाण्याचा निर्णय घेऊ नका. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी असते आणि वारं भट्टीसारखं लागतं. तेव्हा पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं त्या घटकेला पुरवू शकत नाहीत. मग झाड पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, बरीचशी मिटून घेतं आणि पानं खाली झुकवतं. झुकलेल्या पानावर ऊन कमी पडतं. ही झाडाची स्वतःची सोय आहे.

सूर्य मावळला की उडणं जवळपास थांबतं, पण मुळांचं ओढणं चालूच राहतं. रात्रभरात झाड स्वतःला भरून घेतं. म्हणून पहाटे साडेपाच-सहाला झाड जसं दिसतं, तीच मुळांभोवतीच्या मातीची खरी बातमी. सलग तीन दिवस पहाटे बघा आणि वहीत लिहा.

- दुपारी मलूल, पहाटे टवटवीत: घाई नको. नेहमीचं वेळापत्रक चालू ठेवा.
- पहाटेही मलूल आणि माती कोरडी: झाड खरंच तहानलेलं आहे. लगेच टप्पा २ कडं जा.
- पहाटेही मलूल, पण माती ओली: पाणी ताबडतोब थांबवा. मुळांना पाणी ओढायला हवा लागते. चिखलात ती गुदमरतात आणि झाड पाण्यात उभं राहून वाळतं. डाळिंबात अशा वेळी मर रोगाचीही शंका घ्या आणि त्या झाडाचं पाणी शेजारच्या झाडाकडं वाहू देऊ नका.
- पानंच उरली नाहीत: आधी झाड कोणतं ते बघा. बोर आणि सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून बसतात. उडायला पानच नाही म्हटल्यावर पाणी जाणार कुठून?

तपासणी: पानं नसलेल्या झाडाची पेन्सिलीएवढी फांदी नखानं खरवडा. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं निघालं तर खाली सरकत पुन्हा खरवडा. हिरवं जिथं लागेल तिथवर जीव आहे. ही तपासणी न करता लोकांनी जिवंत सीताफळं मुळासकट काढलेली मी पाहिली आहेत, म्हणून इतकं बजावून सांगतो.

टप्पा २: मातीला विचारा

झाडाच्या सावलीच्या कडेशी जा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य सोलापुरात भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, तेव्हा जमिनीवर पडलेली सावली म्हणजेच झाडाचा घेर. पाणी ओढणारी बारीक मुळं खोडाला चिकटून नसतात. ती या कडेच्या आसपास आणि तिच्या बाहेरही पसरलेली असतात. खोडाजवळची जाड मुळं झाड उभं धरतात आणि पाणी वाहून नेतात. शोषण्याचं काम टोकांजवळच्या केसांसारख्या मूलरोमांचं.

कडेशी हातभर खोल खड्डा घ्या आणि तळाची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळा.

काळ्या मातीत लाडू झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर चपटी पट्टी निघाली, तर ओल पुरेशी आहे. लाडू होतो पण दाबताच तडकतो, ही पाणी द्यायची वेळ. ढेकूळ फुटतच नसेल तर उशीर झाला. इथं एक चकवा लक्षात ठेवा. काळी माती हाताला गार आणि दमट लागते, तरी तिच्यातलं उरलेलं पाणी मातीच्या बारीक कणांनी इतकं घट्ट धरलेलं असतं की मुळांना ते सुटत नाही. दमट लागते म्हणून पाणी पुढं ढकलू नका, लाडूवरच निर्णय घ्या.

मुरमाड किंवा बरड जमिनीत पट्टी निघत नाही. मूठ उघडल्यावर लाडू टिकला तर ठीक, विस्कटला तर पाणी द्या. आपल्या माळरानावर फूट-दीड फुटाखाली पांढऱ्या चुनखडीचा किंवा कठीण मुरमाचा थर लागतो. तो किती खोलीवर लागला ते वहीत लिहा. मुळं बहुधा तिथवरच आहेत, त्याखाली गेलेलं पाणी झाडाच्या कामाचं नाही.

टप्पा ३: पाण्याचा हिशोब

अंदाजपंचे पाणी देण्यातच सगळं बिघडतं. हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. मे महिन्यात आपल्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १० मिलिमीटर, कधी त्याहून जास्त आटतं. पानांनी भरलेलं झाड ढोबळमानानं त्याच्या निम्मं उडवतं. म्हणजे घेराच्या प्रत्येक चौरस मीटरमागं दिवसाला ५ लिटर धरा. घेराचं क्षेत्रफळ काढायला घेराची रुंदी मीटरमध्ये मोजा, तिला तिनंच गुणा आणि मग ०.८ नं गुणा.

२ मीटर घेराचं डाळिंब: २ × २ × ०.८ म्हणजे ३.२ चौरस मीटर, दिवसाला १६ लिटर.
४ मीटर घेराचा आंबा: १२.८ चौरस मीटर, दिवसाला ६४ लिटर.

हे भरपूर पाण्यातलं गणित झालं. झाड नुसतं जगवायचं असेल तर याच्या तिसऱ्या हिश्श्यातही भागतं, कारण पाणी कमी पडलं की झाड रंध्रं लवकर मिटतं, जुनी पानं गाळतं आणि नवी फूट थांबवतं. फळ मात्र तेवढ्यात पोसत नाही.

आता त्या आंब्याची बादली बघू. १५ लिटर पाणी बुंध्याभोवतीच्या १ चौरस मीटर आळ्यात ओतलं, तर थर झाला १५ मिलिमीटरचा. कोरड्या काळ्या मातीत हे पाणी चार-पाच बोटांपलीकडं जात नाही, आणि उघड्या जमिनीवरून त्यातलं बरंचसं दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हवेत जातं. तीच बादली आठ दिवस पिंपात साठवली तर १२० लिटर होतात. ते एकदम, एका ठिकाणी दिले तर ओल दीड-दोन फूट जाते. पाणी तेवढंच, कष्टही तेवढेच.

सावधान: हे १२० लिटर आंब्याच्या पूर्ण घेराखाली पसरू नका. १२.८ चौरस मीटरवर त्याचा थर १० मिलिमीटरही भरत नाही, म्हणजे पुन्हा वरची माती ओली आणि खाली कोरडं. पाणी कमी असेल तर जागा कमी करा, खोली कमी करू नका. १२० लिटरला साधारण सव्वा चौरस मीटर जागा पुरे.

टप्पा ४: आळं बांधा, खोडापासून लांब

आळं दोन बांधांचं करा. आतला बांध खोडापासून दीड-दोन फुटांवर, म्हणजे खोड कोरडं राहील. बाहेरचा बांध सावलीच्या कडेच्या वीतभर बाहेर. दोन्हींच्या मधली कंकणासारखी पट्टी ही पाण्याची जागा. बांध वीतभर उंच आणि पायानं दाबून पक्का करा.

पाणी पुरेसं असेल तर ही पूर्ण पट्टी भरा. कमी असेल तर पट्टीचे आडवे बांध घालून चार कप्पे करा आणि एका पाळीला एकच कप्पा भिजवा. याचा उपयोग टप्पा ८ मध्ये येईल.

खणताना कुदळ खोल मारू नका. बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत जास्त असतात आणि मार्चनंतर तुटलेलं मूळ उन्हाळ्यात भरून येणं अवघड. माती बाहेरून आणून बांध घाला, आतली खरवडू नका.

आळी मार्चअखेर तयार हवीत, कारण वळीव सांगून येत नाही. २० मिलिमीटरचा एक वळीव १२ चौरस मीटरच्या आळ्यात २४० लिटर देऊन जातो. बांध नसेल तर तेच पाणी ढाळानं गटारात.

भेगांची चूक: काळी जमीन भेगाळली असेल आणि तुम्ही थेट पाणी सोडलं, तर ते भेगेतून सरळ खाली मुळांपलीकडं जातं आणि आजूबाजूची ढेकळं कोरडीच राहतात. भेगांच्या भिंतींवरूनही ओल उडत राहते, शिवाय फाकताना त्या बारीक मुळं तोडतात. म्हणून आधी खुरप्यानं वरची दोन बोटं माती मोकळी करून भेगा बुजवा, मगच पाणी. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ही म्हण ज्वारीच्या रानातली असली तरी फळझाडाखालीही तितकीच खरी आहे.

टप्पा ५: पाणी द्या, दोन हप्त्यांत

वेळ संध्याकाळी सहानंतरची किंवा उजाडायच्या आधीची. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला येत असेल तर निदान झाडाच्या दृष्टीनं ती वेळ चांगली आहे.

१. ठरवलेल्या पाण्याचा चौथा हिस्सा आधी द्या. माती फुगू द्या, भेगा मिटू द्या.
२. अर्धा-पाऊण तास थांबा.
३. उरलेलं पाणी संथ सोडा. पाणी पट्टीत उभं राहून मुरलं पाहिजे, वाहता कामा नये.
४. दुसऱ्या दिवशी सकाळी सळई खुपसा. ओल्या मातीत ती हाताच्या जोरानं जाते, कोरडी लागली की अडते. अडेपर्यंतची खोली मोजा.

आंबा-चिकूसारख्या मोठ्या झाडाला ओल दोन फूट गेली पाहिजे, डाळिंब-लिंबाला दीड फूट पुरे. कमी गेली असेल तर पुढच्या वेळी पाणी वाढवा किंवा जागा आवळा.

पाळी किती दिवसांनी? खोल काळ्या मातीत आठ ते दहा दिवसांनी, मध्यम जमिनीत पाच-सहा, मुरमाडात दोन-तीन. काळी माती मीटरभर खोलीत झाडाला मिळणारं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते, मुरमाड त्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणून मुरमाडात एकदम भरपूर दिलेलं पाणी खाली निघून जातं, तिथं थोडं आणि लवकर हेच बरोबर. शेजाऱ्याची पाळी बघून आपली ठरवू नका, त्याची जमीन वेगळी असू शकते. शेवटचा शब्द टप्पा २ मधल्या लाडवाचा.

ठिबकवाल्यांसाठी. रोप लावताना खोडाशी ठेवलेले ड्रिपर पाच वर्षांनीही तिथंच असतात, ही बागांमधली सर्रास चूक. झाड वाढलं, मुळं पुढं गेली आणि पाणी मात्र खोडाशीच टपकतंय. घेर वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवा, मोठ्या झाडाला दोन्ही बाजूंनी नळी टाका आणि निदान चार ड्रिपर द्या. ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर तासाला १६ लिटर देतात, म्हणजे वरच्या डाळिंबाला एक तास.

तपासणी: महिन्यातून एकदा पाच-सहा ड्रिपरखाली बाटली लावा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर १५ मिनिटांत १ लिटर भरतो. अर्धीच भरली तर क्षार साचलेत. आपल्या बोअरच्या पाण्यात ते नेहमीचंच आहे. पंप तासभर चालू होता एवढ्यावर विसंबून राहू नका.

मातीवर पांढरी साय धरली असेल आणि पानांची टोकं करपत असतील, तर तेही क्षारांचंच काम. थोड्या-थोड्या पाण्यानं क्षार मुळांच्या थरातच साचत जातात. शक्य असेल तेव्हा एखादी पाळी लांबवून भरपूर पाणी द्या, म्हणजे ते खाली ढकलले जातील. जमीन निचऱ्याची नसेल तर हे करू नका.

घरगुती पाण्याचं थोडक्यात: भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. कपड्यांच्या पावडरीचं पाणी नको, त्यातल्या सोडियमनं काळी माती आवळून बसते. आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार दाटलेले असतात, ते कुंड्यांना तर मुळीच नको.

टप्पा ६: आच्छादन, पाणी दिल्यानंतरच

पाण्याच्या दुसऱ्या दिवशी, माती पायाला चिकटायची थांबली की पट्टीवर आच्छादन पसरा. उसाचं पाचट, तुराट्यांचे तुकडे, कडब्याची कुट्टी, गव्हाचा भुसा, वाळला पाला, जे जवळ असेल ते. जाडी तीन ते चार इंच. दोन इंचांखाली फारसा उपयोग नाही, आणि पाचटाचा सहा इंच थर केला तर हलका वळीव त्यातच अडकून वाळतो.

कोरड्या मातीवर आच्छादन घालू नका, आत राखायला ओलच नसते. आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी थेट खोडावर चढते. आपल्याकडं वाळवीचा त्रास मोठा. आठवड्याला एकदा कडा उचलून बघा. मातीच्या नळ्या दिसल्या तर मोडा आणि तिथलं आच्छादन पालटा.

तपासणी: दुपारी दोन वाजता एक हात उघड्या जमिनीवर आणि एक आच्छादनाखाली ठेवून बघा. उघड्या जमिनीवर हात टिकत नाही. आत माती गार लागली पाहिजे. मुळं त्याच मातीत असतात.

टप्पा ७: झाडावरचा भार उतरवा

मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांतून वाफ होऊन जातं. पाणी वाढवता येत नसेल तर खर्च कमी करता येतो, पण तो नेमका कुठं कमी करायचा हे महत्त्वाचं.

आधी बुडातले फुटवे आणि सरळसोट वाढणारे वॉटरशूट काढा. ते फळ देत नाहीत, पाणी मात्र पितात. मग फळं विरळ करा. पाणी खरंच अपुरं असेल तर लहान झाडावरची सगळी फळं उतरवा. मन धजत नाही हे मला माहीत आहे. पण झाड राहिलं तर पुढचा बहार येईल.

एप्रिल-मेमध्ये मोठी छाटणी करू नका. सावली गेली की उघड्या पडलेल्या खोडावर आणि फांद्यांवर ऊन बसतं, साल तडकते. शिवाय छाटणीनंतर येणारी कोवळी फूट जुन्या पानांपेक्षा नाजूक असते आणि वाऱ्यात लगेच करपते. याच कारणानं युरियाही नको. पिवळं पान दिसलं की युरिया टाकायचा, ही सवय उन्हाळ्यात झाडाच्या जिवावर उठते.

खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत चुन्याचा हात द्या. डाळिंब-लिंबावर केओलिनची, म्हणजे पांढऱ्या मातीच्या बारीक पावडरीची, फवारणी चालते: १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम, पानांवर आणि फळांवर पांढरा पातळ थर बसेल अशी. ऊन परावर्तित होतं आणि पान कमी तापतं. फवारणी सकाळी लवकर करा आणि पंप ढवळत राहा, पावडर तळाशी बसते.

टप्पा ८: पाणी संपत आलं तर

विहिरीनं तळ गाठला, टँकर परवडेना, अशा वर्षी सगळ्यांना थोडं-थोडं देत बसलात तर सगळीच झाडं हातची जातात. यादी करा.

पहिला मान एक-दोन वर्षांच्या रोपांचा. त्यांची मुळं उथळ असतात, त्यांना वाट बघता येत नाही. मग निरोगी फळझाडं. पहाटेही मान टाकलेलं, निम्म्याहून जास्त वाळलेलं, आधीच रोगट झाड शेवटी. मोठा कडुनिंब, चिंच, बोर यांना पाणी देऊ नका. त्यांची मुळं तुमच्या पाइपच्या खूप खाली गेलेली असतात.

फळझाडांना आता टप्पा ४ मधल्या कप्प्यांचा उपयोग करा. या पाळीला पूर्वेचा कप्पा, पुढच्या पाळीला पश्चिमेचा. कोरड्या बाजूची मुळं रसातून वर खूण पाठवतात आणि पानं रंध्रं आवळतात, तेवढ्यात ओल्या बाजूची मुळं पाणी पुरवत राहतात. झाड काटकसर करतं, पण तहानेनं मरत नाही. दर पाळीला कप्पा बदलायला विसरू नका. एकच बाजू महिनाभर कोरडी राहिली तर तिथली बारीक मुळं मरतात.

ताण लांबला की झाडाच्या आत काय होतं तेही सांगतो, म्हणजे उशीर का नको ते कळेल. मुळांपासून पानांपर्यंत पाण्याचा अखंड धागा बारीक नळ्यांतून वर ओढला जात असतो. माती फार कोरडी पडली की ओढ वाढते, धागा तुटतो आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी मग बहुधा निकामी होते. अशा बऱ्याच नळ्या गेल्या की शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात, आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ती फांदी परत हिरवी होत नाही. शेंडा वाळायला लागायच्या आत पाणी पोचलं पाहिजे.

नव्या रोपांसाठी मडकं. दोन वर्षांच्या आतल्या रोपाला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. आठ-दहा लिटरचं बिनरंगी, भाजक्या मातीचं मडकं घ्या. आधी भरून रात्रभर बाहेर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर दिसलं तर पाझरतंय, कोरडं असेल तर परत करा. रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, झाकण ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी भरत जा. माती कोरडी असेल तेव्हा मडकं जास्त पाझरतं, ओली असेल तेव्हा कमी. पाण्याचं माप ते स्वतःच राखतं. बोअरच्या क्षारांनी छिद्रं बुजली की पाणी उतरत नाही, तेव्हा मडकं बदला.

डाळिंबवाल्यांची एक गल्लत. बहार धरण्यासाठी दिलेला ताण वेगळा आणि दुष्काळानं बसलेला ताण वेगळा. बहाराचा ताण फळं उतरल्यावर, विश्रांती झालेल्या, पोटात अन्नसाठा असलेल्या झाडाला ठरवून द्यायचा असतो. पाणी नाहीच, तर ताण समजून बहार धरू, असं करून आधीच खंगलेल्या झाडावर फुलं आणलीत तर बाग बसते.

टप्पा ९: ताणानंतरचं पहिलं पाणी

सगळं सांभाळून इथं घात होतो. माझा स्वतःचा झाला आहे. एका वर्षी वीस-बावीस दिवस डाळिंबांना पाणी मिळालं नाही, आणि मिळालं तेव्हा आनंदाच्या भरात आळी काठोकाठ भरली. चौथ्या दिवशी बागेत शिरलो तर फळं उलली होती. आतले लाल दाणे बाहेर दिसत होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. ताणात फळाची साल ताठरते, तिचा लवचीकपणा जातो. एकदम पाणी आलं की दाणे फुगतात आणि साल फाटते.

तेव्हा आंबवणी-चिंबवणीचा क्रम पाळा. पहिलं पाणी नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, तीन-चार दिवसांनी दुसरं निम्मं, आणि पुढच्या पाळीपासून पूर्ण. ताणात बारीक मुळं बरीच मेलेली असतात, नवी फुटायला हे आठ-दहा दिवस लागतात. तोवर दिलेलं जादा पाणी घ्यायला कुणी नसतं, ते नुसतं साचतं. खतही नवी पालवी दिसल्यावरच.

टप्पा १०: पाऊस आला तरी पाणी लगेच बंद करू नका

मृगाचा पहिला शिडकावा झाला की नळ्या गुंडाळायच्या, ही घाई नको. १५ मिलिमीटर पाऊस म्हणजे तीच बादली, चार-पाच बोटांची ओल. आपल्याकडं वर्षाला पाऊसच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे उघडीप पडते. जूनमध्ये फुटलेली कोवळी पालवी त्या उघडिपीत करपते, आणि लोक म्हणतात पावसाळ्यात झाड कसं वाळलं!

प्रत्येक मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सळई खुपसा. दीड फूट सहज गेली तर एक पाळी गाळा. नाही गेली तर पाळी चालू ठेवा. काळ्या जमिनीत मात्र जोराचा पाऊस लागला की बाहेरचा बांध ढाळाच्या बाजूनं वीतभर फोडून ठेवा, पट्टीत पाणी एका दिवसाहून जास्त उभं राहता कामा नये. आच्छादन तसंच राहू द्या, ते कुजून मातीत जाईल. नळ्या आणि मडकी सप्टेंबरचा पाऊस लागेपर्यंत जागेवरून हलवू नका. हलवायच्या आधी वहीत प्रत्येक झाडापुढं या वर्षीचा घेर मोजून लिहा, कारण येत्या फेब्रुवारीत बाहेरचा बांध तिथून वीतभर पुढं घालायचा आहे.